शेतातला नांगर चालला पाहिजे, समुद्रातला नाही : रात्री होडी कुठे उभी करायची, हे कसं ठरतं?

‘नांगर धरला’ असं जुन्नर तालुक्यातल्या राजुरीत कुणी म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेत येतं. बैल किंवा ट्रॅक्टर, मागे उलटत जाणारी ढेकळं आणि वर घिरट्या घालणारे बगळे. हेच दोन शब्द देवगडच्या जेटीवर कुणी उच्चारले, तर अर्थ पार बदलतो. तिथे ‘नांगर धरला’ म्हणजे नांगर तळात नीट रुतला, होडी जागेवर थांबली, आता खलाशांनी चार घास खाऊन पाठ टेकायला हरकत नाही.

शब्द एकच, पण कामं एकमेकांच्या उलट. शेतातला नांगर चालत राहिला पाहिजे. समुद्रातला नांगर एकदा रुतला की सकाळपर्यंत तसूभरही हलता कामा नये.

तो हलला तर काय होतं, हे रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर गेलेल्या हजारो लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. अनेकांनी त्याच्यासमोर सेल्फीही काढलेत. तिथे वर्षानुवर्षं रुतून पडलेलं ते भलंमोठं गंजकं जहाज म्हणजे ‘बसरा स्टार’.

बसरा स्टारचं काय झालं होतं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्या वेळी बसरा स्टार हे जहाज बिघाडामुळे रत्नागिरीजवळ नांगर टाकून उभं होतं. वाऱ्याचा आणि लाटांचा जोर वाढत गेला, नांगराने साथ सोडली आणि जहाज किनाऱ्याकडे ढकललं जाऊ लागलं. शेवटी ते मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन आदळलं. जहाजावरच्या १३ जणांना सुखरूप बाहेर काढण्यात आलं. जहाज मात्र तिथेच राहिलं.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ आलं. बॉम्बे हाय तेलक्षेत्रात उभ्या असलेल्या पी-३०५ या तराफ्याचे नांगर सुटले. तराफा भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. सुमारे ७० जणांचे प्राण गेले. त्याच वादळात सिंधुदुर्गात देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या बोटीही बुडाल्या आणि तिथेही जीवितहानी झाली.

ही झाली वादळाची टोकाची उदाहरणं. पण मच्छीमार बोट असो, मालवाहू गलबत असो की हौशी मंडळींची शिडाची होडी, ‘रात्री थांबायचं कुठे’ हा प्रश्न त्यांना आभाळ निरभ्र असतानाही सोडवावा लागतो. आणि उथळ किनाऱ्यावर तो दिसतो तेवढा सोपा नसतो.

संध्याकाळचं शांत पाणी फसवतं

नवख्या माणसाला वाटतं, की जिथे पाणी आरशासारखं दिसतं तिथे नांगर टाकावा आणि झोपावं. खरी मेख इथेच आहे. संध्याकाळी सहा वाजता दिसणारी शांतता ही संध्याकाळी सहा वाजताची असते. रात्री दोन वाजता वारा कुठून येणार, पहाटे पाणी किती उरणार, हे ती सांगत नाही. म्हणून जाणता तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, समोरचं पाणी बघून जागा ठरवत नाही. येणाऱ्या रात्रीतला सगळ्यात वाईट तास कुठला असेल, याचा अंदाज तो आधी घेतो आणि त्या तासासाठी जागा निवडतो.

यात पहिला हिशेब वाऱ्याचा.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवत असतील. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. कोकण किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या काळात हा खेळ बहुतेक रोज चालतो. दुपारी वायव्येकडून वारा येतो, सूर्य मावळल्यावर तो पडतो आणि मध्यरात्रीनंतर पूर्वेकडून मतलई सुरू होतो.

याचा अर्थ काय? दुपारी वायव्येच्या वाऱ्यात किनाऱ्याजवळ नांगर टाकला, तर होडी किनाऱ्याच्या दिशेला ओढली जाऊन थांबते. मध्यरात्री वारा फिरला की तीच होडी गोल फिरून समुद्राच्या दिशेला ओढ घेते. म्हणजे तळात रुतलेल्या नांगराला आता उलट्या बाजूने हिसका बसतो. तो जागच्या जागी फिरून पुन्हा रुतला तर ठीक. उपटला गेला, तर होडी हळूहळू खोल पाण्याकडे निघते आणि आत झोपलेल्यांना पत्ताही लागत नाही.

वाऱ्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर होडीवरचा त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. मंद झुळकीत पक्का वाटलेला नांगर सोसाट्याच्या वाऱ्यात टिकेलच, असं म्हणूनच कुणी छातीठोक सांगत नाही.

म्हणून जागा शोधताना पहिला प्रश्न असतो, ‘आडोसा कुठल्या बाजूने आहे आणि उघडी बाजू कुठली?’ समुद्रात घुसलेलं भूशिर एका बाजूचा वारा आणि लाटा अडवतं, पण दुसरी बाजू उघडीच असते. वायव्येला पाठ करून बसलेली जागा हिवाळ्यात छान, पण नैऋत्येचा वारा आला की तीच जागा सापळा होते. उघड्या बाजूने वारा आला तर मागे किनारा असतो आणि किनाऱ्याच्या दिशेने ढकलल्या जाणाऱ्या होडीला पळायला वाट उरत नाही. बसरा स्टारचं नेमकं हेच झालं.

तिथीची पाऊणपट

दुसरा हिशेब पाण्याचा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी ४ मीटरहून जास्त खालीवर होते. दक्षिणेकडे रत्नागिरी, मालवण भागात हा फरक दोन-अडीच मीटरच्या आसपास असतो. खोल समुद्रात अडीच मीटर म्हणजे काहीच नाही. पण जिथे मुळात तीन-चार मीटर पाणी आहे अशा उथळ जागी अडीच मीटर म्हणजे जवळपास सगळंच.

भरती कधी येणार याचा अंदाज काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत फार सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. त्या दिवशी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. बंदरागणिक थोडा फरक पडतो, त्यामुळे अचूक वेळेसाठी छापील किंवा मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रकच पाहावं लागतं. पण अंदाजाला ही पाऊणपट पुरते.

भरती किती मोठी, हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास ती एकमेकांना काटकोनात असते, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. याला भांगाची भरती म्हणतात.

आता एक उदाहरण घेऊ. पौर्णिमेची रात्र आहे. एक होडी रात्री बाराला एका उथळ खाडीच्या तोंडाशी पोचली. दोर सोडून पाणी मोजलं, ४ मीटर भरलं. होडीचा तळ पाण्यात १.२ मीटर खोल जातो. म्हणजे खाली भरपूर जागा आहे असं वाटून सगळे झोपले. पण रात्री बारा ही पूर्ण भरतीची वेळ होती. सकाळी सहाला पाणी अडीच मीटरने उतरलं, उरलं दीड मीटर. होडीच्या तळाखाली फक्त ३० सेंटिमीटर. अर्धा मीटर उंचीची लाट जरी आली, तरी तिच्या खळग्यात होडी पाव मीटर खाली जाते. म्हणजे तळ जमिनीला लागायला फक्त ५ सेंटिमीटर बाकी. खाली वाळू असेल तर नशीब म्हणायचं. खडक असेल तर प्रत्येक लाटेबरोबर होडी त्यावर आपटत राहणार.

म्हणूनच नुसतं ‘पाणी किती आहे’ हे विचारून भागत नाही. ‘आत्ता किती वाजलेत आणि आज तिथी कुठली’ हेही विचारावं लागतं. नौकानयनाच्या नकाशावर छापलेली खोली जवळपास सगळ्यात नीच ओहोटीच्या वेळची असते, ती याचसाठी.

दोर किती सोडायचा?

इथे पुन्हा शेतातला नांगर मदतीला येतो. नांगरणी करणाऱ्याला माहीत असतं, की ओढ आडवी आणि खालच्या अंगाने असली तर फाळ जमिनीत घुसतो. ओढ वरच्या बाजूला गेली की फाळ उचलला जातो आणि नांगर जमिनीवरून नुसता घसरत जातो.

समुद्रातल्या नांगराचंही अगदी तसंच. होडी त्याला आडवं ओढते तोवर तो तळात आणखी खोल रुततो. ओढ वरच्या दिशेने आली की तो उपटला जातो. म्हणजे नांगराची पकड फक्त त्याच्या वजनावर अवलंबून नसते. ती दोराच्या लांबीवर आणि दोर तळाशी किती आडवा राहतो यावर असते. नांगराच्या शेजारी काही मीटर लोखंडी साखळी लावतात ती त्यासाठीच. साखळी स्वतःच्या वजनाने तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते.

साधा ठोकताळा असा, की पाण्याची खोली अधिक होडीच्या पुढच्या टोकाची, म्हणजे नाळेची, पाण्यापासूनची उंची, या बेरजेच्या किमान पाचपट दोर सोडायचा. वाऱ्याचं लक्षण दिसत असेल तर सातपट.

पण कुठल्या वेळची खोली धरायची? इथेच चूक होते. तीच पौर्णिमा घ्या, पण आता होडी संध्याकाळी सहाला, म्हणजे ओहोटीला पोचली आहे. पाणी ३ मीटर, नाळेची उंची १ मीटर, बेरीज ४. पाचपट म्हणजे २० मीटर दोर सोडला. मध्यरात्री भरती आली आणि पाणी अडीच मीटरने चढलं. आता बेरीज झाली साडेसहा मीटर. दोर मात्र तेवढाच, २० मीटर. पाचपटीचा हिशेब तिपटीवर आला. दोर जास्त उभा झाला आणि ओढ वरच्या दिशेला गेली. त्यातच मतलई वारा सुरू झाला, तर नांगर सुटायला असा कितीसा वेळ लागणार? सहालाच भरतीचं पाणी धरून ३३ मीटर दोर सोडला असता, तर प्रश्नच आला नसता.

थोडक्यात, दोर मोजायचा तो भरतीचं पाणी धरून आणि तळ लागेल का ते बघायचं ते ओहोटीचं पाणी धरून. एकाच जागेसाठी दोन वेगळे हिशेब करायचे.

जमीन बघून नांगर

काळी जमीन, मुरमाड जमीन आणि खडकाळ माळ यांत नांगर वेगवेगळा चालतो. समुद्राच्या तळाचंही तसंच आहे.

घट्ट, चिकट चिखलात नांगर सगळ्यात चांगला धरतो. टणक वाळूही बरी. पण नदीने नुकताच आणून टाकलेला पातळ गाळ असेल, तर नांगर त्यातून लोण्यातून सुरी जावी तसा सरकत जातो. खडकावर दोन शक्यता असतात. एक तर नांगर घसरत राहतो, नाहीतर एखाद्या कपारीत असा अडकतो की सकाळी निघतच नाही आणि दोर कापावा लागतो. शेवाळ किंवा समुद्री गवत असेल, तर नांगर वरवर गवतालाच धरतो आणि जरा ओढ बसली की गवताच्या पेंढीसकट निघून येतो.

तळ दिसत नाही, मग कळणार कसं? पूर्वी शिशाचं वजन बांधलेला दोर पाण्यात सोडत. खोली वावात मोजत. दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर म्हणजे एक वाव, साधारण ६ फूट. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असे. वर ओढल्यावर तिला चिखल चिकटलाय, वाळू की काहीच नाही, यावरून तळ ओळखायचा. आज खोली मोजणारी यंत्रं आहेत, नकाशावर तळाची नोंदही असते. तरी नांगर टाकल्यावर इंजिन मागच्या दिशेला चालवून दोर ताणून बघायची सवय जाणते खलाशी सोडत नाहीत. दोरावर हात ठेवला की थरथर जाणवते. दोर थरथरत, हिसके देत असेल तर नांगर सरकतोय. ताठ आणि स्थिर असेल तर धरला.

शेजारी कोण आहे?

नांगरलेली होडी एका जागी खिळलेली नसते. खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी ती दोराच्या लांबीएवढ्या घेरात फिरते. ३३ मीटर दोर आणि १० मीटर लांबीची होडी असेल, तर सगळ्या बाजूंना सुमारे ४० मीटर जागा मोकळी लागते. त्या घेरात खडक, उथळ वाळूचा पट्टा किंवा दुसरी होडी असेल, तर ती जागा आपली नाही.

दोन शेजारी होड्या एकाच वेळी एकाच दिशेला फिरतील असंही नसतं. जड होडी प्रवाहाचं ऐकते, हलकी होडी वाऱ्याचं. ओहोटीचा प्रवाह एकीकडे आणि वारा दुसरीकडे असेल, तर दिवसा लांब वाटलेल्या दोन होड्या मध्यरात्री एकमेकींना धडकू शकतात. त्यामुळे नंतर येणाऱ्याने आधीच्याला विचारायचं, ‘दोर किती सोडलाय?’ आणि त्याप्रमाणे अंतर ठेवायचं. बंदरातलं हे साधं सौजन्य अनेक भांडणं वाचवतं.

उत्तर कोकणात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे डोल जाळी. प्रवाहात खुंटांना बांधलेली ही जाळी अंधारात दिसत नाहीत. त्यांच्यात नांगर गेला, तर नांगरही अडकतो आणि कुणाचा तरी रोजगारही फाटतो.

लाट वळून येते

भूशिराच्या आड गेलं की लाट संपली, असं वाटतं. वारा अडतो हे खरं. पण दूरच्या समुद्रात तयार झालेली लांब लाट उथळ पाण्यात आल्यावर वळते आणि भूशिराला वळसा घालून आतपर्यंत पोचते. वारा शून्य, तरी होडी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर डोलतेय, असं होतं ते यामुळे. झोप तर जातेच, शिवाय दोर घासून झिजत राहतो.

उथळपणाचा आणखी एक धोका आहे. पाणी कमी होत जातं तशी लाट उंच आणि उभी होते. एक मीटर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात आली की फुटते. म्हणजे भरतीला जिथे लाट होडीखालून गुपचूप निघून जाते, तिथेच ओहोटीला ती होडीवर फुटू शकते. जागा तीच, होडी तीच. मधे फक्त सहा तास गेलेले असतात.

मग सरळ खाडीत का शिरू नये?

आता तुम्ही म्हणाल, एवढा हिशेब करण्यापेक्षा खाडीत आत शिरावं आणि निवांत राहावं. मच्छीमार खरोखर तेच करतात. दापोली तालुक्यातलं हर्णै हे मासळीच्या लिलावासाठी प्रसिद्ध बंदर. समोर सुवर्णदुर्ग आहे, पण वादळी वाऱ्यात बंदर उघडं पडतं. हवामान बिघडलं की तिथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत किंवा दक्षिणेला जयगडच्या खाडीत आसऱ्याला जातात. सिंधुदुर्गात देवगड बंदराला डोंगराची पाठ आहे, म्हणून वादळाच्या दिवसांत तिथे गुजरातपासून कर्नाटक, तामिळनाडूपर्यंतच्या बोटी गर्दी करतात.

पण खाडीचं दुखणं तिच्या तोंडाशी असतं. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने ढकललेली वाळू यांचा तोंडावर उंचवटा तयार होतो. बाहेर खोल, आत खोल आणि मधे उथळ. आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी हाच गाळ बोटींना घातक ठरत आलाय. तिथे बोटी उलटल्याही आहेत. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर येत असताना समोरून समुद्राची लाट आली, की नेमक्या त्या उंचवट्यावर दोघांची टक्कर होते. म्हणून खाडीत शिरायचं तर वादळ अंगावर यायच्या आधी, उजेडात आणि चढत्या भरतीला. चढत्या भरतीला यासाठी, की चुकून तळ लागलाच तर थोड्या वेळात पाणी वाढून होडी आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतली, तर पुढची भरती येईपर्यंत लाटांचा मार खात पडून राहायचं.

राजुरीचा आणि समुद्राचा संबंध

राजुरीहून कल्याणला निघालं की आळेफाटा लागतो आणि मग माळशेज घाट. या घाटाच्या शेजारीच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, जुन्नरकडचा माल याच वाटेने खाली उतरायचा आणि कल्याण, सोपारा या बंदरांत जहाजांवर चढायचा.

आता नकाशा उघडून बघा. कल्याण समुद्राला लागून नाहीच! ते उल्हास नदीच्या खाडीत खूप आत आहे. सोपाराही खाडीच्या आडोशाला होतं आणि चौल कुंडलिकेच्या मुखाशी. ज्या काळात इंजिन नव्हतं, हवामानाचा अंदाज नव्हता, त्या काळात बंदर कुठे वसेल हे जहाजांना रात्री निर्धास्त उभं राहता येतं की नाही यावरच ठरत होतं. जुन्नरच्या बाजारपेठेची भरभराट एका अर्थाने त्या निवांत पाण्यावर उभी होती. पुढे गाळ साचत गेला आणि आजच्या नालासोपाऱ्यात उभं राहिल्यावर इथे कधी परदेशी जहाजं लागत होती, यावर विश्वासही बसत नाही.

पावसाळ्यात तर खाडीलाही पर्याय नसे. नैऋत्य मोसमी वारा थेट किनाऱ्यावर येतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या बहुतेक शांत जागा जूनमध्ये निकामी होतात. म्हणून मराठ्यांचं आरमार पावसाळ्यात छावणीला आडोशाच्या बंदरात जायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र प्रकरण दिलंय, त्यात या छावणीचाही विचार आहे. आजही महाराष्ट्रात १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ असतो, तसाच समुद्र खवळलेला असण्याचाही. कोळीवाड्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात.

नांगर टाकल्यावर काम संपत नाही

जागा निवडली, दोर मोजून सोडला, नांगर धरला. तरी शेवटची काही कामं उरतात.

पहिलं म्हणजे खुणा. किनाऱ्यावरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत धरायच्या, जसं पुढे देवळाचा दिवा आणि मागे टेकडीवरचा मनोरा. आणि दुसऱ्या दिशेला अशीच आणखी एक जोडी. रात्री उठून बघितलं की रेषा फुटलेली दिसली, तर समजायचं की होडी हललीय. आज मोबाइलमध्ये जीपीएसवर चालणारे गजर आहेत, होडी ठरलेल्या घेराबाहेर गेली की ते वाजतात. पण बॅटरी संपते, देवळाचा दिवा सहसा राहतो. शहाणा माणूस दोन्ही ठेवतो.

दुसरं म्हणजे दिवा. नांगरलेल्या होडीवर रात्री चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो नसेल तर पहाटे मासेमारीला निघालेल्या बोटीला काळोखातली होडी दिसणार कशी?

तिसरं म्हणजे बातमी. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज आणि बंदरावरचा बावटा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ अशी बातमी दरवर्षी वाचायला मिळते. त्याचा अर्थ, बंदरातच जोरदार वाऱ्याचा धोका आहे. तो दिसला की उघड्या जागी नांगरून राहायचा विचार सोडायचा.

चौथं सगळ्यात अवघड, आणि ते म्हणजे एकाने जागं राहणं. दिवसभर जाळी ओढून दमलेल्या माणसांमध्ये पाळीपाळीने कुणीतरी उठून दोरावर हात ठेवणं, खुणा बघणं, वाऱ्याची दिशा बघणं. आणि शंका आली तर रात्री दोन वाजताही नांगर उचलून दुसरी जागा गाठणं. त्यासाठी बाहेर पडायची वाट उजेडातच बघून ठेवलेली हवी.

रत्नागिरी, मालवण किंवा देवगडला फिरायला गेलात, तर संध्याकाळी जेटीवर थोडा वेळ थांबा. नांगरलेल्या सगळ्या बोटींची तोंडं एकाच दिशेला दिसतील. तिकडून वारा किंवा पाणी येतंय, असं समजा. सकाळी पुन्हा या. तोंडं बहुधा फिरलेली असतील. मधल्या रात्री वारा बदलला, पाणी चढलं, उतरलं आणि प्रत्येक बोटीखाली एक नांगर चिखलात रुतून होता.

राजुरीच्या शेतकऱ्याला त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. नांगर वर किती चकचकीत दिसतो याला अर्थ नसतो, तो जमिनीत किती बसला यावर सगळं पीक असतं. बोटीवर तर जीव असतात.